बसच्या एका जुन्या छायाचित्राचा स्थलनिर्णय

ऐतिहासिक साधनांची चिकित्सा करताना कागदपत्रांच्या बाबतीत जी सावधगिरी आपण बाळगतो, ती छायाचित्रांच्या बाबतीत सहसा बाळगली जात नाही. पत्र अस्सल की बनावट, त्यावरील तिथी मूळची की मागाहून घातलेली, लिहिणारा प्रत्यक्षदर्शी की ऐकीव माहिती नोंदविणारा, हे प्रश्न अभ्यासकाच्या अंगवळणी पडलेले असतात. छायाचित्र हाती आले म्हणजे मात्र तोच अभ्यासक त्याच्या पाठीवर लिहिलेली ओळ वाचतो आणि तीवर विसंबून मोकळा होतो. यंत्राने टिपलेले चित्र खोटे बोलणार नाही, ही समजूत याच्या मुळाशी असते. ही समजूत काही अंशी खरीही आहे. परंतु चित्र यंत्राने टिपले असले तरी पाठीवरची ओळ माणसाने लिहिलेली असते, आणि पुष्कळदा ती चित्र काढल्यानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली असते.

मुंबई शहरातील एका बसच्या छायाचित्रावरून हा प्रश्न आमच्यापुढे नुकताच उभा राहिला. त्या एका चित्राच्या आधाराने स्थलनिर्णयाची रीत कशी असते, कोणता पुरावा कोठपर्यंत नेतो आणि कोठे थांबावे लागते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

छायाचित्र आणि त्याची कथा

हे छायाचित्र एका वृद्ध बाईंनी आमच्या विभागाकडे आणून दिले. त्यांचे वडील मुंबईच्या बससेवेत वाहक होते. प्रत कृष्णधवल, हाताच्या तळव्याएवढी, कोपरे दुमडलेले, एका कडेला डिंकाचा डाग. पाठीवर निळ्या शाईने लिहिले आहे : ‘मुंबईची पहिली बस, १५ जुलै १९२६, फ्लोरा फाउंटन.’ अक्षर वडिलांचे नव्हे, हे बाईंनी पाहताक्षणी सांगितले. घरातील पुढच्या पिढीत मात्र ही ओळ प्रमाण मानली जात होती. मुंबईत पहिली बस धावली तेव्हा तीवर आपले आजोबा होते, असे नातवंडे अभिमानाने सांगत. आणि एका कौटुंबिक स्मरणिकेत हे चित्र याच मथळ्याखाली छापण्याचे ठरत आले होते. छापण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी, असे बाईंच्या मनाने घेतले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, वडिलांच्या नावावर खोटा मान नको.

चित्रात जे दिसते ते असे : मध्यभागी एक दुमजली बस. तिचे तोंड प्रेक्षकाच्या डाव्या हाताकडे आहे. गाडीची पुढची बाजू थोडी तिरपी व एक बाजू पुरती दिसते. मागच्या टोकाशी, म्हणजे चित्राच्या उजवीकडे, चढण्या-उतरण्याचा उघडा फलाट असून त्यावर गणवेशातील वाहक खांब धरून उभा आहे. बसच्या मागे दगडी इमारतींची रांग आहे. त्यांपैकी एकीला टोकदार कमानी व पुढे आलेला दर्शनी सज्जा आहे. डाव्या कडेला, चित्र जेथे संपते तेथे, एका उंच चौथऱ्याचा भाग व त्यावर काहीतरी काळसर आकृती अर्धवट दिसते. अलीकडे, पदपथाच्या कडेला, एक गृहस्थ छत्री बगलेत धरून उभे आहेत आणि त्यांची सावली रस्त्यावर पडली आहे.

प्रत उलटी तर नाही?

स्थळाचा विचार करण्यापूर्वी एक प्राथमिक तपासणी करावी लागते, आणि नेमकी तीच अनेकदा राहून जाते. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली असल्यास चित्राची डावी बाजू उजवीकडे जाते. इमारतींच्या रांगेचा क्रम उलटतो, सावलीची दिशा उलटते, आणि पुढचे सर्व अनुमान चुकते. पाटीवरील अक्षरे स्पष्ट असतील तर प्रश्नच नाही. पण या चित्रात मार्गफलकावर प्रकाशाची चमक आल्यामुळे तेथील अक्षरे लागत नाहीत.

अशा वेळी वाहनाची रचना उपयोगी पडते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून बसमध्ये चढण्याचा फलाट पदपथाकडे, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला असतो. चित्रातील बसचे तोंड आपल्या डावीकडे आहे. तेव्हा आपल्याला दिसते ती तिची डावी बाजू होय. फलाट त्याच बाजूला आहे. प्रत उलटी असती तर फलाट गाडीच्या उजव्या अंगाला, रहदारीच्या बाजूस उघडणारा दिसला असता. यावरून प्रत सुलटी आहे, हे निश्चित होते. शिवाय, पदपथ प्रेक्षकाच्या बाजूला असून बस त्याला लागून आहे, ही गोष्टही त्याला धरूनच आहे.

बस काय सांगते आणि काय सांगत नाही

बसच्या छायाचित्रात दृष्टी प्रथम बसवर जाते हे स्वाभाविक आहे. परंतु स्थलनिर्णयाच्या दृष्टीने बस हा दुय्यम साक्षीदार असतो. ती चल वस्तू आहे. आज फोर्टात दिसणारी गाडी उद्या परळला दिसू शकते. मार्गफलक वाचता आला तरी तो गाडी कोठे जाणार हे सांगतो. ती कोठे उभी आहे हे सांगत नाही. ‘कुलाबा’ अशी पाटी दिसली म्हणून चित्र कुलाब्याचे ठरविणे ही चूक किती सहज घडते, हे जुन्या संग्रहांच्या सूची चाळणाऱ्यांना ठाऊक आहे.

काळाच्या बाबतीत मात्र बस उत्तम साक्ष देते. मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ साली सुरू झाल्या व विजेच्या ट्राम १९०७ साली आल्या. पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. पाठीवरच्या ओळीतील दिनांक म्हणजे हाच दिनांक होय. ओळ लिहिणाऱ्याने तो कोठून तरी बरोबर उतरून घेतला आहे. तो या चित्राला लावण्यात मात्र घोटाळा झाला आहे. कारण दुमजली बस मुंबईत १९३७ साली आली. दुमजली ट्राम त्याआधी, १९२० पासून, होत्या. पण चित्रातील वाहन रबरी चाकांचे आहे, त्याविषयी शंका घेण्यास जागा नाही. एवढ्या एका गोष्टीने १९२६ हे साल बाद होते.

बसच्या पुढील बाजूस क्रमांकाच्या पाटीचा काही भाग दिसतो. भिंगाखाली पाहता आरंभीची ‘बी’ आणि ‘एम’ ही दोन रोमी अक्षरे वाचता येतात. पुढचे अक्षर व आकडे अस्पष्ट आहेत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानंतर जी नोंदणीपद्धती आली, तीत ही अक्षरे मुंबई प्रांताकडे व पुढे मुंबई राज्याकडे होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यानंतर नव्या वाहनांना निराळी अक्षरमालिका मिळाली. आणि ‘एम एच ०१’ अशा धर्तीची आजची पद्धती त्याहून कितीतरी मागाहून, १९८९ पासून रूढ झाली. येथे एक सावधगिरी हवी. पाटी नोंदणीचा काळ सांगते, छायाचित्राचा नव्हे. १९५५ साली नोंदलेली गाडी १९६५ सालीही रस्त्यावर असू शकते. म्हणून या पाटीवरून ‘१९३९ च्या आधी नाही’ एवढेच म्हणता येते. ‘१९६० च्या नंतर नाही’ असे म्हणता येत नाही.

गाडीच्या अंगावर ‘बेस्ट’ ही आद्याक्षरे असावीत असे वाटते. ती स्पष्ट असती तरी त्यांचा उपयोग झाला नसता. मूळची खासगी कंपनी ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ या नावाची होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ती ताब्यात घेतल्यानंतर ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ आले. दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच असल्यामुळे संक्षेप जसाच्या तसा राहिला. पूर्ण नाव दिसले तरच त्यावरून काळ सांगता येतो; संक्षेपावरून सांगता येत नाही.

कडेला राहिलेली वस्तू

स्थळ ठरविण्यासाठी अचल वस्तूंकडे वळले पाहिजे : इमारती, पुतळे, कारंजी, रस्त्याची वळणे. त्यांतही चित्राच्या मध्यावरील वस्तूंपेक्षा कडेच्या वस्तू अधिक मोलाच्या ठरतात, असा आमचा अनुभव आहे. मध्यभागी जे असते ते छायाचित्रकाराने निवडलेले असते. कडेला जे राहते ते त्याच्या लक्षातही नसते. म्हणून ते स्थळाविषयी निरपेक्ष साक्ष देते.

डाव्या कडेचा चौथरा व त्यावरील काळसर आकृती ही या चित्रातील अशी वस्तू होय. फ्लोरा फाउंटनची कल्पना तिच्यावरूनच निघाली असावी. दगडी उंच बैठक आणि तीवर काही शिल्प, एवढे पाहून कोणालाही मुंबईतील ते प्रसिद्ध कारंजे आठवेल. १८६४ सालचे ते कारंजे फोर्टाच्या मध्यावर आहे. १९६१ साली त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले आणि त्या चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले. परंतु त्या कारंज्याची शिल्पे फिकट रंगाच्या पोर्टलंड दगडात कोरलेली आहेत. चित्रातील आकृती तर काळी दिसते.

कृष्णधवल चित्रात रंगछटेवर भिस्त ठेवणे धोक्याचे असते, हे येथे कबूल केले पाहिजे. सूर्य वस्तूच्या पाठीमागे असेल तर पांढरी वस्तूही काळी दिसते. या चित्रात मात्र इमारतींच्या दर्शनी भिंतींवर ऊन पडलेले आहे. म्हणजे सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी होता. त्याच उजेडात चौथऱ्याचा दगड उजळ दिसतो आणि वरची आकृती काळी दिसते. अर्थात आकृतीचा काळेपणा तिचा स्वतःचा आहे. ती दगडाची नसून धातूची आहे.

प्रतीचा तेवढा भाग मोठा करून पाहता आकृतीचे स्वरूप कळून आले. चौथऱ्यावर दोन खूर टेकलेले आहेत आणि त्यांच्यावर खाली आलेल्या शेपटीचे टोक आहे. घोड्याचे मागचे पाय आणि शेपूट एवढाच भाग चित्रात आला आहे. उरलेला घोडा व त्यावरील स्वार चौकटीबाहेर गेले आहेत.

यानंतर प्रश्न सोपा होतो. मुंबईत सार्वजनिक रस्त्याजवळ धातूचा घोडा कोठे कोठे होता? गेटवे ऑफ इंडियासमोरील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ रोजी बसविला गेला. पण त्याच्याभोवती बाग व समोर समुद्र आहे, टोकदार कमानींच्या इमारतींची सलग रांग नाही. शिवाजी पार्कचा अश्वारूढ पुतळा १९६६ सालचा असून तो मैदानाच्या कडेला आहे. तेथेही अशी पार्श्वभूमी नाही. उरतो तो ‘काळा घोडा’. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेला राजपुत्र, १८७५ साली मुंबईस येऊन गेला. त्याच्या स्मरणार्थ अल्बर्ट ससून यांनी बोएम या शिल्पकाराकडून करवून घेतलेला हा पुतळा १८७९ साली उभा राहिला. लोकांनी स्वाराला बाजूला ठेवून घोड्याच्या रंगावरून जागेला नाव दिले. १९६५ साली तो पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला; नाव मात्र जागेवरच राहिले. २०१७ पासून तेथे पुन्हा एक काळा घोडा उभा आहे, परंतु त्याच्यावर स्वार नाही व तो जुन्या पुतळ्याची प्रतिकृतीही नाही. जुन्या चित्राची तुलना आजच्या घोड्याशी करून कोणी ‘जुळत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष फसवा ठरेल.

इमारतींची साक्ष

एका वस्तूवर निर्णय टांगून ठेवू नये, हा या कामातील पहिला नियम आहे. म्हणून काळ्या घोड्याचे अनुमान मागच्या इमारतींवर ताडून पाहिले. महात्मा गांधी मार्गाच्या, म्हणजे पूर्वीच्या एस्प्लनेड रोडच्या, पश्चिम बाजूस दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून वाचनालय, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि पूर्वीचे वॉटसन हॉटेल अशी रांग लागते. ससून वाचनालयाची इमारत १८७० साली पूर्ण झाली. तिच्या टोकदार कमानी, पुढे आलेला दर्शनी भाग आणि वरचा सज्जा ही लक्षणे चित्रातील इमारतीशी जुळतात.

परंतु टोकदार कमानी हे काही निर्णायक लक्षण नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत ज्या सरकारी व सार्वजनिक इमारती झाल्या, त्यांतील कितीतरी इमारतींना अशाच कमानी आहेत. साम्य शोधू लागले की ते सर्वत्र सापडते. म्हणून एकेका इमारतीपेक्षा दोन इमारतींमधील सांधा तपासणे श्रेयस्कर. वाचनालयाच्या मजल्यांची उंची व शेजारच्या इमारतीच्या मजल्यांची उंची भिन्न आहे. त्यामुळे खिडक्यांच्या रेषा एकमेकींस मिळत नाहीत. हा विसंवाद चित्रात जसाच्या तसा आहे, आणि उंच इमारत वाचनालयाच्या उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे आहे. एखादी कमान शहरात दहा ठिकाणी आढळेल. दोन विशिष्ट इमारतींचा असा शेजार एकाच ठिकाणी आढळतो.

इमारतींची रांग रस्त्याच्या पश्चिमेस आहे. अर्थात छायाचित्रकार पूर्वेच्या पदपथावर, पश्चिमेकडे तोंड करून उभा होता. त्याच्या डाव्या हाताला दक्षिण येते. बसचे तोंड डावीकडे आहे; म्हणजे ती फोर्टाकडून म्युझियमच्या व कुलाब्याच्या दिशेने जात होती. दक्षिणेकडे जाणारी गाडी रस्त्याच्या पूर्व अंगानेच जाणार, आणि चित्रात ती तशीच आहे. येथपर्यंत आलेले सर्व धागे एकमेकांशी जुळतात.

सावलीची दिशा

सावली हा असा साक्षीदार आहे की त्याच्याकडे कोणी सहसा लक्ष देत नाही. पदपथाच्या कडेला उभ्या असलेल्या गृहस्थांची सावली बसच्या बाजूला पडली आहे आणि बसच्या मागच्या टोकाकडे, म्हणजे उत्तरेकडे, चांगलीच कललेली आहे. सावली वायव्येस पडली, तर सूर्य आग्नेयेस असला पाहिजे. वेळ सकाळची, हे इमारतींच्या पूर्वाभिमुख भिंतींवरील उन्हावरूनही कळते.

मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्याची क्रांती येथील अक्षांशांहून अधिक असते. त्या अवधीत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेसच राहतो आणि सावली दिवसभर दक्षिणेकडे कललेली असते. शून्य सावलीचे दोन दिवस मुंबईस या अवधीच्या दोन टोकांना येतात. १५ जुलै हा दिवस त्या अवधीत पडतो. त्या दिवशी सकाळी काळ्या घोड्याजवळ उभ्या असलेल्या माणसाची सावली बसच्या पुढच्या टोकाकडे झुकली असती. चित्रात ती मागच्या टोकाकडे झुकली आहे. तेव्हा साल कोणतेही असो, हे चित्र १५ जुलैचे असू शकत नाही.

जुलैच्या मध्यास मुंबईत पाऊस असतो, एवढी रेखीव सावली कशी पडेल, असा आक्षेपही कोणी घेईल. तो आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण त्यावरून केवळ असंभाव्यता सिद्ध होते, अशक्यता नव्हे. पावसाळ्यातही एखादी सकाळ उघडी पडते. बगलेतील छत्रीवरूनही ऋतू ठरविता येत नाही. उन्हासाठी छत्री बाळगणारे पुष्कळ असत. सावलीच्या दिशेचे तसे नाही. ती हवामानावर अवलंबून नसून गणितावर अवलंबून आहे. दुर्बळ पुरावा आणि सबळ पुरावा यांतील हा भेद ध्यानात ठेवावा.

सावलीची लांबी गृहस्थांच्या उंचीच्या दीडपटीहून थोडी अधिक भरते. म्हणजे सूर्य क्षितिजापासून सुमारे ३० अंश वर होता. एवढी उंची आणि आग्नेय दिशा ही दोन्ही एकत्र हिवाळ्यातील सकाळीच जुळून येतात. जानेवारीचा मध्य धरला तर भारतीय प्रमाण वेळेप्रमाणे पावणेदहाचा सुमार निघतो. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाण वेळेहून ३९ मिनिटे मागे असे. प्रमाण वेळ १९०६ साली लागू झाल्यावरही शहरातील काही घड्याळे कित्येक वर्षे स्थानिक वेळ दाखवीत राहिली. चित्रात घड्याळ आले असते आणि त्यात नऊ वाजून गेलेले दिसले असते, तर एखाद्याने आमचे गणित चुकले असे म्हटले असते. वस्तुतः दोन्ही वेळा आपापल्या जागी बरोबर ठरल्या असत्या. घड्याळ दिसले की ते कोणती वेळ दाखवीत होते, हा प्रश्न मुंबईच्या जुन्या चित्रांत म्हणूनच विचारावा लागतो.

छायाचित्रकार कोठे उभा होता

चौक कळला, परंतु छायाचित्रकाराचे नेमके स्थान कळणेही शक्य असते. त्याची रीत साधी आहे. चित्रात एकापुढे एक असलेल्या व एकाच उभ्या रेषेत आलेल्या दोन अचल वस्तू शोधाव्यात. त्या दोहोंतून जाणारी सरळ रेषा नकाशावर काढली म्हणजे छायाचित्रकार त्या रेषेवर कोठेतरी होता, हे ठरते. अशी दुसरी जोडी सापडली म्हणजे दोन रेषा जेथे छेदतात ते त्याचे स्थान.

वाचनालयाच्या पुढे आलेल्या दर्शनी भागाचा एक खांब आणि मागच्या भिंतीतील एक कमान ही पहिली जोडी. दोन्ही आजही जागेवर आहेत. म्हणून पूर्वेच्या पदपथावर पुढेमागे सरकत, खांब कमानीवर चित्रातल्याप्रमाणे येईपर्यंत पाहत जाणे, एवढेच करावे लागते. दुसऱ्या जोडीसाठी चौथऱ्याची कड व तिच्या मागे आलेली इमारतीची कड घ्यावी लागते. चौथरा आता नाही. त्याची जागा १९६५ पूर्वीच्या नकाशावरूनच घ्यावी लागते, आणि म्हणून या दुसऱ्या रेषेत थोडी अनिश्चितता राहते. तथापि दोन्ही रेषा वाचनालयाच्या समोरील पदपथाच्या काही पावलांच्या टापूत एकत्र येतात. आजकाल उपग्रहावरून घेतलेली चित्रे व रस्त्यांची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात आणि त्यांनी हे काम पुष्कळच सुकर केले आहे. मात्र ती आजचे शहर दाखवितात. जी वस्तू उरलेली नाही ती कोठे होती, हे सांगण्यासाठी जुना नकाशा व प्रत्यक्ष पाहणी यांना पर्याय नाही.

जहांगीर कलादालनाची इमारत १९५२ सालची. ती चित्रात आली असती अथवा तिची जागा मोकळी दिसली असती, तर काळाची मर्यादा पुष्कळच आवळता आली असती. परंतु ती रस्त्याच्या पूर्वेस, म्हणजे छायाचित्रकाराच्याच बाजूस आहे. ती चित्रात येणे शक्य नव्हते. त्याचप्रमाणे चित्रात ट्रामचे रूळ दिसत नाहीत. परंतु बसने रस्त्याचा मोठा भाग झाकला असल्यामुळे रूळ न दिसणे म्हणजे रूळ नसणे असे म्हणता येणार नाही. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, ही माहिती या चित्राच्या कामी येत नाही.

निर्णय आणि त्याच्या मर्यादा

एकंदर निष्कर्ष असा : छायाचित्र काळ्या घोड्याच्या चौकाचे आहे. डेव्हिड ससून वाचनालयासमोर, पूर्वेच्या पदपथावरून, हिवाळ्यातील एका सकाळी ते घेतलेले आहे. बस कुलाब्याच्या दिशेने जात होती. काळ १९३९ च्या आधीचा नाही व १९६५ च्या नंतरचा नाही. बाईंनी वडिलांच्या नेमणुकीचा जो कागद दाखविला तो स्वातंत्र्यानंतरचा आहे. वाहक तेच असतील तर खालची मर्यादा आणखी पुढे सरकते. मात्र या शेवटच्या विधानातील ‘तर’ महत्त्वाचा आहे. कागद वडिलांविषयी आहे, चित्राविषयी नाही. त्या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे बाईंची ओळख.

हा निष्कर्ष बाईंना सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटला. पहिल्या बसचा मान त्यांच्या घरातून जात होता. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘फलाटावर उभे आहेत ते माझे वडीलच ना?’ या प्रश्नाचे उत्तर कमान, सावली किंवा पाटी यांपैकी कोणीही देऊ शकत नाही. टोपीच्या छायेत चेहरा अर्धा झाकला आहे, आणि गणवेश सर्वांचा सारखाच. आम्ही तसे स्पष्ट सांगितले; आणि हेही सांगितले की, मुलीने वडिलांना ओळखणे हाही पुराव्याचाच एक प्रकार आहे. चित्राच्या नोंदीत तो त्याच नावाने, म्हणजे ‘कुटुंबीयांच्या ओळखीनुसार’ असा, लिहिला पाहिजे. स्थळ आम्ही तपासून ठरविले, माणूस त्यांनी ओळखला. दोन्ही गोष्टी नोंदीत याव्यात, परंतु एकमेकींत मिसळू नयेत.

जुनी ओळ खोडून टाकावी का, असे त्यांच्या नातवाने विचारले. ती खोडू नये, असाच सल्ला आम्ही दिला. चुकीची असली तरी ती आता चित्राच्या इतिहासाचा भाग आहे. घरातील एक आठवण कशी वाढत गेली, याची ती खूण आहे. तिच्याखाली, पेन्सिलीने, तपासलेली माहिती व तपासणीचा दिनांक लिहावा आणि कशाच्या आधारे लिहिले ते एका स्वतंत्र कागदावर नोंदून तो सोबत ठेवावा. पुढच्या अभ्यासकाला आमची चूक आढळली, तर ती कोठे झाली हे त्याला कळले पाहिजे.

मुंबईच्या रस्त्यांवरून जुन्या धर्तीची लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये निघून गेली. तिची जागा आता विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित गाड्यांनी घेतली आहे. यापुढे घरोघरीच्या पेट्यांतून अशी छायाचित्रे बाहेर येतील आणि प्रत्येकाच्या पाठीवर काही ना काही लिहिलेले असेल. ज्यांच्याकडे अशी चित्रे आहेत त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, ओळ जरूर वाचावी, पण चित्र अधिक वेळ पाहावे. विशेषतः कडा कातरून ते चौकटीत बसवू नये. आमच्या चित्राची डावी कड कोणी बोटभर कापली असती, तर घोड्याचे दोन खूर गेले असते आणि त्यांच्याबरोबर स्थळाचा पहिला धागाही गेला असता.